तप्त लाटलेले पोलाद आणि त्याची पृष्ठप्रक्रिया

तप्त लाटलेले पोलाद (बाजारातील रूढ नावे : एचआर, काळा पत्रा) म्हणजे पोलादाची लादी सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आणि फिरत्या रुळांच्या जोड्यांमधून दाबून तयार केलेला पत्रा, पट्टी, प्लेट अथवा अँगल, चॅनेल, गर्डर यांसारखा छेद होय. लाटताना या पोलादावर ऑक्साइडाचा एक काळसर थर तयार होतो. तो काढणे आणि उघड्या झालेल्या धातूस तेल, जस्त, फॉस्फेट किंवा रंग यांचे संरक्षण देणे या क्रियांना एकत्रितपणे पृष्ठप्रक्रिया म्हणतात. बांधकामाचे सांगाडे, वाहनांच्या चासी, टाक्या, नळ्या, शेतीची अवजारे, खिडक्यांच्या जाळ्या आणि कठडे यांच्या जोडकामात (फॅब्रिकेशन) हे पोलाद मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. रायगड जिल्ह्यातील थळसारख्या समुद्रकाठच्या गावी अशा वस्तूचे आयुष्य पोलादाच्या जाडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या पृष्ठभागावर कोणती प्रक्रिया झाली आहे यावर अवलंबून असते.

निर्मिती

लाटण्याच्या क्रियेचे तप्त आणि शीत असे दोन प्रकार आहेत. तप्त लाटणात धातूचे तापमान पुनःस्फटिकीभवनाच्या मर्यादेपेक्षा अधिक राखले जाते. दाबले गेलेले स्फटिककण तेथल्या तेथे नव्याने घडतात, त्यामुळे धातू कठीण न होता थोड्या फेऱ्यांत पुष्कळ पातळ होतो. पट्टीचे अखेरचे लाटण साधारणतः ८५० ते ९०० अंश तापमानास होते. त्यानंतर पाण्याच्या फवाऱ्यांनी ती थंड करून तिची गुंडाळी (कॉइल) केली जाते. शीत लाटण सामान्य तापमानास होते. त्याने पत्रा अधिक पातळ, गुळगुळीत आणि काटेकोर मापाचा मिळतो, पण खर्च वाढतो. म्हणून मोटारीचे बाह्यांग, कपाटे, घरगुती उपकरणे यांसाठी शीत लाटलेला (सीआर) पत्रा, तर भार पेलणाऱ्या जाड भागांसाठी तप्त लाटलेला पत्रा निवडण्याची प्रथा आहे.

रायगड जिल्ह्यात या उद्योगाचे अनेक टप्पे आढळतात. पेण तालुक्यातील डोळवी येथे धरमतर खाडीकाठी तप्त लाटलेल्या गुंडाळ्या तयार करणारा एकात्मिक पोलाद कारखाना आहे. इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेला हा कारखाना २०१० मध्ये जेएसडब्ल्यू समूहाच्या नियंत्रणाखाली आला. खोपोली परिसरात अशा गुंडाळ्या धुऊन त्यांचे शीत लाटण व जस्तलेपन करणारे कारखाने आहेत. अलिबाग तालुक्यातील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक कंपनीचा अमोनिया व युरिया निर्मितीचा प्रकल्प आहे, आणि त्याच गावाच्या किनाऱ्यावर कोळी समाजाची मच्छीमारी चालते.

काळा थर अथवा स्केल

लाल तापलेल्या पोलादाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन जो थर तयार होतो त्यास कारखान्यांत 'स्केल' म्हणतात. त्यात तीन ऑक्साइडे असतात : धातूलगत फेरस ऑक्साइड (वुस्टाइट), मध्ये मॅग्नेटाइट आणि सर्वांत वर हेमॅटाइट. सुमारे ५७० अंशांखाली वुस्टाइट अस्थिर होते आणि सावकाश थंड होताना त्याचे मॅग्नेटाइट व लोह यांत विघटन होते. पट्टीवरील स्केलची जाडी सामान्यतः काही मायक्रोमीटर एवढीच असते. जाड प्लेटा आणि गर्डर यांवर ती अधिक असते.

नवा काळा पत्रा कोरड्या जागी काही काळ गंजत नाही, म्हणून हा थर संरक्षक असल्याचा समज होतो. तो अंशतःच खरा आहे. स्केल ठिसूळ असते. पत्रा वाकवला, कापला, जोडला किंवा ऊनपावसात आकुंचन-प्रसरण पावला की तिला तडे जातात. तड्यात ओलावा शिरला की विद्युत्-रासायनिक घट तयार होतो. त्यात स्केल ऋणाग्राचे (कॅथोडचे) आणि उघडा पडलेला धातू धनाग्राचे (ॲनोडचे) काम करतो. विस्तृत ऋणाग्रापुढे अगदी लहान धनाग्र अशी ही रचना असल्यामुळे सारा क्षय तड्याच्या तळाशी एकवटतो आणि तेथे खोल खड्डे पडतात. स्केलवर दिलेला रंगही पोलादाला नव्हे, तर स्केललाच चिकटतो, आणि ती सुटली की तिच्याबरोबर पापुद्र्याने निघून येतो. काळ्या अँगलवर थेट रेड ऑक्साइड आणि त्यावर तैलरंग देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिचे अपयश बहुधा रंगाच्या प्रतीत नसून त्याखालच्या या थरात असते.

पृष्ठप्रक्रियेचे प्रकार

अम्लमार्जन व तेललेपन. पिकलिंग या नावाने परिचित असलेल्या या क्रियेत पट्टी गरम, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाच्या टाक्यांतून नेतात. अम्ल स्केल विरघळवते. अम्लात मिसळलेली निरोधक द्रव्ये खालच्या धातूवरील आक्रमण रोखतात. पूर्वी यासाठी सल्फ्युरिक अम्ल वापरीत. १९६० नंतरच्या काळात हायड्रोक्लोरिक अम्लाने त्याची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. पट्टी पाण्याने धुऊन, वाळवून तिच्यावर गंजरोधक तेलाचा पातळ हात दिला जातो. बाजारात हा माल 'एचआरपीओ' या नावाने मिळतो. त्याचे तेल वाहतूक आणि साठवण यांपुरतेच असते. ते कायमचे संरक्षण नव्हे.

कणमाऱ्याने सफाई. जाड प्लेटा व तयार सांगाडे यांवर पोलादी गोळ्या किंवा कण वेगाने मारून स्केल काढतात (शॉट ब्लास्टिंग, ग्रिट ब्लास्टिंग). स्वच्छतेची पातळी आंतरराष्ट्रीय मानकात 'एसए' या श्रेणीने दर्शवितात. औद्योगिक रंगकामासाठी बहुधा 'एसए २½' मागितली जाते. कणांमुळे पृष्ठभागास येणारा बारीक खरखरीतपणा रंगाची पकड वाढवतो. कोरडी वाळू वापरल्यास सिलिकाच्या धुळीने कामगारास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडू शकतो, म्हणून वाळूऐवजी धातूचे कण किंवा सिलिकामुक्त द्रव्ये वापरणे इष्ट ठरते.

तप्त जस्तलेपन. स्टॅनिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. स्वच्छ केलेले पोलाद सुमारे ४५० अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, तेव्हा लोह व जस्त यांच्या मिश्रधातूचे थर धातूशी एकजीव होतात. जस्त पोलादाआधी स्वतः झिजते, त्यामुळे लहानसहान ओरखड्यांतही पोलाद सुरक्षित राहते. पोलादातील सिलिकॉनचे प्रमाण साधारण ०.०३ ते ०.१२ टक्के असल्यास थर अवाजवी जाड, करडा व ठिसूळ होतो. म्हणून जस्तलेपनास जाणाऱ्या मालाची रासायनिक घटना आधी पाहणे आवश्यक असते.

फॉस्फेटन आणि रंग. फॉस्फेटाच्या द्रावणाने पोलादावर बारीक स्फटिकांचा थर बसतो आणि त्यावर रंग घट्ट धरतो. जस्तलेपनावर योग्य अस्तर देऊन रंग दिल्यास दोन्हींच्या स्वतंत्र आयुष्यांच्या बेरजेपेक्षा अधिक टिकाऊपणा मिळतो.

जोडकामातील उपयोग

भारतीय मानकांत सामान्य तप्त लाटलेल्या पत्र्यासाठी आयएस १०७९ आणि संरचनात्मक पोलादासाठी आयएस २०६२ ही मानके लागू आहेत. दुसऱ्यातील 'ई २५०' या श्रेणीचा अर्थ किमान नमन-प्रतिबल (धातू कायमचा वाकू लागण्याची मर्यादा) सुमारे २५० मेगापास्कल असा आहे. काळा माल गर्डर, खांब, कैच्या आणि पायऱ्यांचे सांगाडे यांस चालतो, कारण त्यांची सफाई आणि रंग जोडकाम संपल्यावर करता येतात. अम्लमार्जित माल चाकांच्या रिमा, चासीचे भाग, नळ्या आणि साच्यात दाबून करावयाच्या वस्तू यांस सोयीचा असतो. स्केलचे कण साच्यावर ओरखडे पाडतात. लेसर कापणीत सुटी स्केल मध्येच उडाल्यास कडा बिघडते, आणि वेल्डिंगमध्ये तिच्यामुळे सांध्यात दोष राहू शकतात. या तिन्ही ठिकाणी धुतलेला पत्रा महाग असूनही एकूण काम स्वस्त पडते.

जस्तलेपित पोलाद जोडताना दोन धोके लक्षात घ्यावे लागतात. जस्त ९०७ अंशांस उकळते आणि वेल्डिंगच्या ज्वालेचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. निघणाऱ्या जस्त ऑक्साइडाच्या धुराने कामगारास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो (धातुधूम्र ज्वर). म्हणून सांध्यालगतचे जस्त आधी घासून काढणे, वायुवीजन ठेवणे आणि नंतर जळालेल्या जागी जस्तयुक्त रंग देणे ही रीत आहे. याहून चांगला क्रम म्हणजे आधी संपूर्ण जोडकाम आणि मग जस्तलेपन. मात्र त्या वेळी बंद नळ्यांना भोके ठेवावी लागतात. आत अडकलेली हवा व ओलावा वितळलेल्या जस्तात अकस्मात प्रसरण पावून स्फोट होऊ शकतो.

सागरी हवेचा परिणाम

किनाऱ्यावर लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर येऊन धातूवर क्षार साठवतात. मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस हवेतील पाणी ओढून घेऊन विरघळते. सागरी क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलावते. त्यामुळे पाऊस नसतानाही थळसारख्या गावातील कठडा पुष्कळ काळ ओलाच राहतो. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागांपेक्षा वळचणीखालचे भाग अनेकदा लवकर गंजतात, कारण त्यांवरील क्षार वाहून जात नाहीत.

वातावरणाच्या क्षरणकारकतेचे वर्गीकरण आयएसओ ९२२३ या मानकात केले आहे. त्यातील 'सी-३' वर्गात उघडे कार्बन पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रोमीटर झिजते, तर 'सी-५' वर्गात ८० ते २०० मायक्रोमीटर. जस्ताची झीज अनुक्रमे ०.७ ते २.१ आणि ४.२ ते ८.४ मायक्रोमीटर असते. सहा मिलिमीटरहून जाड पोलादावर बुडवून बसलेला जस्ताचा थर सरासरी ८५ मायक्रोमीटर असतो. झिजेचा पहिल्या वर्षीचा वेग कायम धरल्यास तो सी-५ वातावरणात सुमारे १० ते २० वर्षे टिकतो. याउलट बाजारात 'जीआय' म्हणून मिळणाऱ्या १२० ग्रॅम श्रेणीच्या पातळ पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर १२० ग्रॅम जस्त असते. म्हणजे एका बाजूस जेमतेम ८ मायक्रोमीटर थर, आणि त्याच हिशेबाने त्याचे आयुष्य एक ते दोन वर्षे. २७५ ग्रॅम श्रेणीचा थर सुमारे १९ मायक्रोमीटर, आयुष्य दोन ते साडेचार वर्षे. दोन्ही पत्रे दिसण्यात सारखेच चकाकतात. त्यामुळे किनाऱ्यावरील खरेदीत 'जीआय आहे का' एवढा प्रश्न पुरेसा नसून 'किती ग्रॅमचे' हा प्रश्न निर्णायक ठरतो.

खतनिर्मितीच्या प्रकल्पांत खाऱ्या हवेत युरियाची धूळ मिसळते. तीही ओलावा शोषून घेणारी आहे. तेथील मचाणे, जिने, नळ्यांचे आधार यांसाठी तप्त लाटलेले पोलाद योग्य संरक्षणासह वापरता येते. मात्र प्रक्रियेतील अमोनियम कार्बामेटाशी संपर्क येणाऱ्या भागांस ते अजिबात चालत नाही, तेथे विशेष श्रेणीचे स्टेनलेस पोलाद लागते. हवेत स्वतःचाच संरक्षक गंजथर तयार करणारे 'वेदरिंग' पोलादही भरपूर क्षारांच्या सान्निध्यात अपेक्षित थर धरत नाही, म्हणून समुद्रालगत ते उघडे वापरणे टाळले जाते.

कोकणातील कामासाठी काही सर्वमान्य पथ्ये आहेत. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना रंगकाम केले जात नाही. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश अधिक असावे लागते. पावसाळ्यात या दोन अटी क्वचितच जुळतात, म्हणून सफाई व रंगकाम हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात उरकणे श्रेयस्कर होय. कणमाऱ्यानंतर पृष्ठभागावरील क्षार तपासून त्याच दिवशी पहिला हात द्यावा लागतो. अन्यथा काही तासांतच तांबूस गंज चढतो. रचनेत पाणी साचणाऱ्या खाचा टाळणे, तुटक वेल्डिंगऐवजी सलग सांधा घेणे, निचऱ्याची भोके ठेवणे आणि पावसापासून आडोशाला असलेले भाग अधूनमधून गोड्या पाण्याने धुणे यांनी कोणत्याही संरक्षणाचे आयुष्य वाढते.

पर्यावरणीय बाजू

वापरलेल्या अम्लात लोहाचे क्लोराइड विरघळलेले असते. ते खाडीत किंवा नाल्यात सोडल्यास जलचरांस अपाय होतो आणि ज्या किनाऱ्यांवर मासेमारी हे उपजीविकेचे साधन आहे तेथे हानी थेट माणसांपर्यंत पोहोचते. मोठ्या कारखान्यांत हे द्रावण भट्टीत भाजून अम्ल परत मिळवले जाते. सोबत निघणारी लोह ऑक्साइडाची भुकटी फेराइट चुंबके आणि रंगद्रव्ये यांच्या निर्मितीस उपयोगी पडते. लहान कारखान्यांत पुनर्प्राप्तीची सोय नसल्यास अम्लाचे उदासीनीकरण करून उरलेला गाळ अधिकृत घातक कचरा केंद्रात पाठवावा लागतो. लाटणशाळेत सुटलेली स्केल मात्र वाया जात नाही. तिच्यात लोहाचे प्रमाण भरपूर असल्याने ती पुन्हा पोलादनिर्मितीच्या कच्च्या मालात मिसळली जाते.