फोन बाजूला ठेवण्याची वेळ

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. संध्याकाळी रोकड मोजायची, हिशेबाशी ताळा जुळवायचा आणि दोघांनी मिळून तिजोरी लावायची, की त्या दिवसाचे काम संपले. आम्ही नोकरीला लागलो त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. तेव्हाही शाखेत संगणक होते, पण ते शाखेतच राहत. संध्याकाळी आमच्यामागून घरी येत नसत. आज तिजोरी पूर्वीसारखीच बंद होते, काम मात्र बंद होत नाही. ते खिशात बसून घरी येते आणि जेवणाच्या ताटाशेजारी येऊन पडते.

हा लेख यंत्राविरुद्ध नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. मुंबईला कामाला असलेल्या मुलाने गावी पाठवलेले पैसे पूर्वी आईच्या हातात पडायला कित्येक दिवस लागत. आता ते क्षणात पोचतात. विद्यार्थ्यांचे अर्ज, निकाल आणि कित्येकांची व्याख्यानेही आज फोनवरच आहेत. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्याच्यासाठी हे मोठे दालन उघडले आहे. म्हणून प्रश्न फोन टाकून देण्याचा नसून तो कोणत्या वेळी बाजूला ठेवायचा आणि ठेवलेला कसा टिकवायचा, हा आहे.

हा प्रश्न आमच्या घरात कसा आला ते सांगतो. मुलगी बारावीला होती. एका रात्री ती आमच्याशेजारी बसून काही बोलत होती. त्याच वेळी कार्यालयाच्या गटावर निरोप आला, की या आठवड्यात किती नवी खाती उघडली ते कळवा. आम्ही आकडा टाईप करत होतो आणि अधूनमधून तिला “हो, हो” म्हणत होतो. पंधरा दिवसांनी समजले, की प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला तिने जाणे सोडले आहे. आम्ही संतापलो. ती शांतपणे म्हणाली, “पप्पा, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात.” तिला तो अभ्यास जड जात होता, तिला दुसरे काही शिकायचे होते आणि त्याबद्दल बापाशी बोलायचे होते. खात्यांचा तो आकडा सकाळी दहा वाजता दिला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते.

आपण इतके का गुंततो? याचे उत्तर केवळ “मनाचा दुबळेपणा” असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, असे ठेवले की कबूतर चोच मारणे सहसा सोडत नाही. दाणे बंद झाले तरी ते कितीतरी वेळ चोच मारतच राहते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याचेही असेच होते. फोनवरचे बहुतेक निरोप बिनकामाचे असतात, पण एखादा कामाचा किंवा आनंदाचा निघतो. तो केव्हा येईल ते ठाऊक नसते, म्हणून हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जातो. त्यातच २००६ साली ॲझा रास्किन या तंत्रज्ञाने अशी रचना तयार केली, की बोट सरकवत गेले की पान कधी संपतच नाही. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते आणि तिथे माणूस थांबतो. या पडद्यावर थांबण्याची जागाच ठेवलेली नाही. आपल्या रचनेचे असे परिणाम झाल्याबद्दल रास्किन यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला.

नोकरदारांना वाटते, की आलेल्या निरोपाला ताबडतोब उत्तर दिले म्हणजे काम हलके होते. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह २००८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामात मध्येच व्यत्यय आलेली माणसे काम उलट लवकर उरकतात, असे त्यांना आढळले. परंतु त्यांच्यावरील ताण, चिडचिड आणि घाईची भावना वाढलेली असते. म्हणजे काम होते, पण त्याची किंमत शरीर आणि मन भरते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली १२४ जणांवरील प्रयोग मांडला. ईमेल एक आठवडा दिवसातून फक्त तीन वेळा पाहायची आणि एक आठवडा हवी तितक्या वेळा, असा तो प्रयोग होता. तीन वेळाच पाहण्याच्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. ज्यांचे दिवसभराचे काम संगणकावर आहे त्यांनी हे करून पाहण्यासारखे आहे: सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा आणि निघण्यापूर्वी एकदा.

तरीही अनुभव असा, की एकट्याचा निश्चय चार दिवस टिकतो. कारण फोनच्या पलीकडे दुसरा माणूस असतो. आम्ही उत्तर दिले नाही आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने दिले, तर आम्ही कामचुकार ठरतो. वर्गातील मुलगा गटावर नसला तर तो एकटा पडतो. म्हणून काही देशांनी हा विषय कायद्यात आणला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांवर, कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळे राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाटी करण्याचे बंधन आले. आपल्या लोकसभेतही २०१८ च्या अखेरीस अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची वाट न पाहता एका गावाने काय केले, ते मात्र पाहण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर भरली आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही मुलांच्या हातातून फोन सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी फोन व टीव्ही बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, आपसात बोलावे. यातील मर्म भोंग्यात आहे. तो सर्वांना एकाच वेळी ऐकू जातो. बाप फोन पाहतो आहे आणि मुलाला “अभ्यास कर” म्हणतो आहे, असे तिथे चालत नाही. सर्वांचेच फोन बंद असल्यामुळे कोणी एकटा पडत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्यांना उपासक-उपासिका जे अष्टशील घेतात, त्यात नाचगाणे, वादन आणि खेळतमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहे. हे व्रत जन्मभराचे नसून एका अहोरात्रापुरते असते आणि दिवस सर्वांना आधीपासून माहीत असतो. संसारी माणसाला झेपेल असे मोजके आणि सर्वांनी मिळून पाळायचे, हेच त्याचे बळ आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात साधकाला फोन जमा करावा लागतो, वाचन-लेखन बंद असते आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन पाळावे लागते. तेही सर्वजण एकदम पाळतात म्हणूनच शक्य होते. पण दहा दिवसांची रजा सर्वांना मिळत नाही. दीड तास मात्र कोणालाही काढता येतो.

आमच्या घरी आता रात्री आठ ते साडेनऊ फोन एका स्टीलच्या डब्यात जातात आणि पहिला फोन आमचा असतो. गावी वृद्ध आई आहे, म्हणून तशी सोय केली आहे. एकाच माणसाने काही मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तरच घंटा वाजावी, अशी रचना बहुतेक फोनमध्ये असते. नातेवाइकांना सांगून ठेवले आहे, की निकड असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. पहिले आठ दिवस हात उगाच खिशाकडे जाई. सहकाऱ्यांशी बोलून, आठनंतर गटावर निरोप टाकू नये, तातडीचे असेल तर फोन करावा, असेही ठरवले. ते निम्मेच पाळले जाते, हे कबूल करतो. मुलीशी मात्र त्या डब्यामुळेच पुन्हा बोलणे सुरू झाले. ती आता तिच्या आवडीच्या शाखेत शिकते आहे.

ज्यांची नोकरीच फोनवर आहे, रुग्णालयात ज्यांची रात्रपाळी आहे, त्यांना ही वेळ जमणार नाही. त्यांनी आपली दुसरी वेळ निवडावी. बाकीच्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या सोसायटीच्या सभागृहात येत्या आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, रोज रात्री आठ ते साडेनऊ अभ्यासिका चालवावी. दाराशी एक पेटी ठेवावी. येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विद्यार्थी असो वा पदाधिकारी, त्यात फोन ठेवूनच आत यावे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला तेवढी शांत जागा मिळेल आणि वडीलधारी माणसे शेजारी बसून वाचताना त्याला दिसतील.

पेटीची एक किल्ली विद्यार्थ्यांकडे असावी, दुसरी आपल्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडू नये.