लोह्याच्या वाकळी

नांदेडहून लातूरकडे निघालं की वाटेत लोहा लागतं. एका अंगाला कंधारचा किल्ला, पुढे खंडोबाचं माळेगाव. या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांत वलणीवर वाकळी, म्हणजे गोधड्या, असत, आणि त्यांतली प्रत्येक कोणत्या साली शिवली ते घरातली म्हातारी सांगू शके. एक बहात्तरच्या दुष्काळातली, बाया खडी फोडायला जात तेव्हाची. एक ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरची, माणसं घरात निजायला भीत होती तेव्हाची.

भाटाच्या वहीत बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सापडतं. पणजीचं सापडत नाही. सातबाऱ्यावरही ती क्वचितच. तिचं लुगडं मात्र वाकळीत राहिलेलं असतं, म्हणून मी या वाकळींना घराण्याचं दफ्तर मानतो.

वाकळीला ना माग लागतो ना चौकट. सुगी सरली, उन्हाळ्यात दुपारी हात रिकामे झाले की सारवलेल्या जमिनीवर जुनं लुगडं ताणून अंथरायचं आणि कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतरं, सदरे, चोळ्यांचे तुकडे सारखे पसरायचे, वरून पुन्हा एक लुगडं. मग दोन-तीन शेजारणी त्यावरच बसतात. त्यांच्या वजनानं थर हलत नाहीत. जाड दोऱ्याचा धावता टाका आधी कडेनं चारी बाजूंना फिरतो, मग ओळीला ओळ लावत आत सरकतो आणि मधोमध येऊन संपतो. नऊवारी लुगडं सुमारे आठ मीटर लांब असतं, त्यामुळे एकाच लुगड्यात बरंच भागतं. अगदी झिजलेली वाकळही टाकत नाहीत, तीच नव्या वाकळीचं भरण होते. एखाद्या जाड वाकळीची शिवण उसवली तर आत निजामाच्या राजवटीतलं, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचं सुती कापड निघू शकतं. हा कापसाचाच मुलूख, नांदेडात उस्मानशाही गिरणी होती.

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. एरवी "अहो"सुद्धा सासूसमोर तोंडातून निघत नसे. अशा घरात त्याचं विटलेलं धोतर आणि तिचं इरकली लुगडं शेजारी शेजारी टाचलं जाई. कुणी विचारलंच तर काटकसर म्हणून सांगता येई. पण लग्नातल्या लुगड्याचा काठ कडेला न लावता नेमका मधोमध, टाका जिथे थांबतो तिथे, कोण उगाच लावेल? प्रेमाची कबुली द्यायला त्या काळच्या बाईपाशी एवढीच जागा होती. तिनं ती वापरली.

मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावची यात्रा भरते. तिथे घोड्यांचा बाजार आणि लालकंधारी बैल. तेव्हा बैलगाडीत कडबा, कडब्यावर वाकळ, आणि सारं घर तिच्यावर. रात्री उघड्यावर थंडी बोचायची. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली की त्याच जुन्या, मऊ झालेल्या कापडाची दुपटी शिवली जात, कारण नव्या कापडानं बाळाचं अंग खरचटतं. दसऱ्याआधी सगळ्या वाकळी नदीवर. भिजलेली वाकळ एकटीला पिळता येत नाही, दोन टोकं दोघींनी धरायची. सासू-सुनेनं एकमेकींकडे तोंड करून करायचं हे एक काम. त्यातही पुष्कळ बोलणं होत असणार.

पुढे घरात सुती लुगडी येईनाशी झाली. पॉलिस्टरची साडी घसरते, टाका धरत नाही, घाम शोषत नाही. सोलापुरी चादर आणि ब्लँकेट हलकं, धुवायला सोपं. बायांचे हात त्यामुळे वाचले, हेही खरंच. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं. शहरांत आता आईच्या साड्या देऊन गोधडी शिवून घेणारे पुष्कळ आहेत. लोह्यातल्या लेकरांनी एवढं करावं: घरातल्या वाकळी उन्हात काढाव्यात, म्हातारीला जवळ बसवावं, कोणता तुकडा कुणाचा ते विचारावं आणि तिनं सांगितलेली नावं वहीत लिहावीत. बायकांची आधी.