ए. बी. एस. चा दिवा का पेटतो?

गाडीची किल्ली फिरवली की समोरच्या काट्यांच्या पाटीवर चार-सहा दिवे एकदम पेटतात. कोणी बॅटरीचा, कोणी इंजिनातल्या तेलाचा, कोणी ब्रेकचा. त्यांत एक पिवळा दिवा असतो. गोलाच्या आत तीन इंग्रजी अक्षरे असतात : ए, बी, एस. दोन-चार सेकंदांत हा दिवा विझला पाहिजे. काही गाड्यांत गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो.

पण तो विझलाच नाही तर? किंवा चालत्या गाडीत मध्येच पेटला तर?

काही जण म्हणतात, "पेटू दे की! ब्रेक तर लागतोय न्हवं?" काही जण घाबरतात आणि गॅरेजवाला सांगेल तो भाग बदलून हजारो रुपये घालवतात. दोन्ही बरोबर नाही. दिवा काय सांगतो ते आधी समजून घेऊ.

चाक अडकले की गाडी घसरते

ओल्या बांधावरून चालताना पाय सटकला, की माणूस आपल्या मनाप्रमाणे वळू शकत नाही. पाय जाईल तिकडे जावे लागते. गाडीचेही तसेच आहे. जोरात ब्रेक मारला आणि चाक फिरायचे थांबले, पण गाडी थांबली नाही, तर टायर रस्त्यावरून नुसता घसरत जातो. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात असे प्रसंग पुष्कळ. आंबा घाट, करूळ घाट, फोंडा घाट हे पावसाळ्यात ओलेचिंब असतात. गगनबावड्याचा पाऊस तर सगळ्यांना ठाऊक आहे. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो. त्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की रस्ता साबणासारखा होतो.

अशा वेळी चाक अडकू नये म्हणून ए. बी. एस. ही यंत्रणा असते. जर्मनीत १९७८ साली ती मोटारीत बसवून विकायला आली. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत काहींना आहे, काहींना नाही. किल्ली फिरवल्यावर तो पिवळा दिवा पेटत असेल तर तुमच्या गाडीत ती आहे.

चाकावरचा पहारेकरी

उसाच्या चरकाचे दाते तुम्ही पाहिले आहेत. चाकाच्या आतल्या बाजूला तसेच एक लहान दातेरी कडे असते. पुष्कळ गाड्यांत त्याला चाळीस-पन्नास दाते असतात. कड्याजवळ अंगठ्याएवढा एक भाग बसवलेला असतो. त्याला सेन्सर म्हणतात. कडे फिरते, दाते सेन्सरसमोरून जातात आणि सेन्सर तारेतून खबर पाठवतो : चाक एवढ्या वेगाने फिरत आहे.

चारही चाकांची खबर एका पेटीत जाते. एक चाक एकाएकी थांबू लागले, तर पेटी त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा आवळते, पुन्हा सैल करते. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होते. तेव्हा पायाखालचे पेडल थरथरते. तो बिघाड नव्हे. यंत्रणा काम करते आहे, हे समजायचे.

दिवा काय सांगतो

दिवा पेटला म्हणजे पेटी सांगते, "मला पुरती खबर मिळत नाही. मी रजेवर आहे." साधा ब्रेक लागतोच. पण चाक अडकले तर सोडवायला आता कोणी नाही.

मात्र त्याच्या जोडीला लाल दिवाही पेटला, तर गोष्ट वेगळी. आधी हँडब्रेक ओढलेला राहिला आहे का ते पाहा. तो पुरता सोडूनही लाल दिवा विझत नसेल, तर गाडी कडेला घ्या आणि पुढे चालवू नका. ब्रेकचे तेल गळत असेल किंवा मागची चाके आधी अडकण्याचा धोका असेल. मिस्त्रीला जागेवर बोलवा.

आधी घरच्या घरी पाहा

पहिले, ब्रेकचे तेल. बॉनेटखाली एक लहान पांढरी डबी असते. तिच्यावर दोन रेघा असतात. तेल दोन्ही रेघांच्या मध्ये हवे. ते कमी झाले असेल तर नुसते भरून मोकळे होऊ नका. ब्रेकचे पॅड झिजले तरी तेल खाली जाते, आणि कुठे गळत असले तरी जाते. कारण शोधा. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. वाचा आणि तेच तेल घाला. इंजिनचे ऑईल चुकूनही घालू नका. आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतात. हे तेल हवेतले पाणी शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे.

दुसरे, बॅटरी. बॅटरी उतरली की ती पेटी नीट चालत नाही आणि दिवा पेटतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी मीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. टोकांवर पांढरी बुरशी आली असेल तर साफ करून घट्ट आवळा.

तिसरे, फ्यूज. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेले असते. ए. बी. एस. चा फ्यूज काढून उजेडात धरा. आतली पट्टी तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तार गुंडाळून काम भागवू नका, गाडी पेटते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तार कुठेतरी चिकटली आहे.

चौथे, टायर. चारांपैकी एकच टायर वेगळ्या मापाचा असला, तर ते चाक इतरांपेक्षा वेगळ्या वेगाने फिरते. पेटीला वाटते काहीतरी बिघडले. टायरच्या अंगावरचे आकडे वाचून पाहा.

मग स्कॅनर

इथपर्यंत काही सापडले नाही तर मिस्त्रीकडे चला. पण आधी एक गोष्ट विचारा.

"मिस्त्री, ए. बी. एस. चा दिवा पेटलाय बघा. स्कॅनर हाय का?"

"हाय की मामा. पण स्वस्तातला स्कॅनर नुसतं इंजिनचं वाचतो. ए. बी. एस. चं वाचणारा लागतो."

"तो काय सांगतो?"

"कोणत्या चाकाकडनं खबर येत नाही ते सांगतो. भाग कोणता बदलायचा, ते नाही सांगत."

मिस्त्री खरे बोलला. पुष्कळ गाड्यांत 'सी ००३५' असा आकडा येतो. त्याचा अर्थ, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या वाटेत बिघाड. त्या वाटेत सेन्सर आहे, तार आहे, जोड आहे, कडे आहे. नुसता आकडा पाहून सेन्सर बदलला आणि तार तुटलेली निघाली, तर पैसे पाण्यात.

चांगला स्कॅनर चारही चाकांचा वेग दाखवतो. गाडी वीस-तीसच्या वेगाने सरळ चालवावी आणि शेजारी बसणाऱ्याने आकडे पाहावेत. तीन चाके पंचवीस दाखवतात आणि चौथे शून्य दाखवते किंवा खालीवर उड्या मारते, तर चोर त्याच चाकात आहे.

चाकापाशी काय पाहावे

गाडी सपाट जमिनीवर घ्या. बाकीच्या चाकांना धोंडा लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, भक्कम स्टँड लावा.

चाक काढल्यावर आधी नुसते डोळ्यांनी पाहा. तार कुठे घासली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? जोडात पाणी किंवा हिरवा गंज आहे का? सेन्सरच्या तोंडाशी लोखंडाचा कीस आणि चिखल साचला आहे का? सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो, म्हणून ब्रेकचा कीस त्याला चिकटतो. मऊ फडक्याने पुसा. पुष्कळदा काम एवढ्यावरच भागते.

मग कडे पाहा. जुन्या गाडीत ते गंजून फुगते, कधी तडकते, कधी एखादा दाता मोडतो. बेअरिंग सैल झाले असेल तरी सेन्सर आणि कडे यांच्यातले अंतर बदलते. चाक वर-खाली धरून हलवले तर खेळ कळतो. काही गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगच्या एका बाजूलाच चुंबकाची पट्टी असते. नवे बेअरिंग उलटे बसवले की ती पट्टी सेन्सरपासून लांब जाते आणि दिवा पेटतो. बेअरिंग बदलल्यानंतरच दिवा लागला असेल, तर हेच आधी तपासायला सांगा.

जुन्या तऱ्हेचा सेन्सर मीटरने तपासता येतो. बहुतेक ठिकाणी ८०० ते २००० ओहम येतात. डाव्या-उजव्याची तुलना करावी. नव्या तऱ्हेच्या सेन्सरला बाहेरून वीज लागते. त्याला तसे मोजू नये, तो बिघडू शकतो.

काम झाले की स्कॅनरने जुना आकडा पुसावा आणि गाडी थोडी चालवून पाहावी. दिवा पुन्हा पेटला तर कारण अजून आत आहे. मुख्य पेटी बदलायची गोष्ट सर्वांत शेवटी. ती महाग असते आणि तीच बिघडलेली असते असे फार थोड्या वेळा घडते.

जुनी गाडी घेताना सावध

दिवा सारखा पेटत असला की गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून काही लबाड विकणारे दिव्याचा बल्बच काढतात किंवा त्यावर काळी पट्टी चिकटवतात. घेणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे.

म्हणून किल्ली फिरवा आणि इंजिन सुरू करण्याआधी नीट पाहा. पिवळा दिवा पेटला पाहिजे, आणि मग विझला पाहिजे. ज्या गाडीत ए. बी. एस. आहे तिचा दिवा मुळीच पेटला नाही, तर दाल में काला आहे असे समजा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत आपल्या जिल्ह्यात पुष्कळ गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुवून चकचकीत करता येते, पण तारांच्या जोडांतला गंज वर्षा-दोन वर्षांनी बाहेर येतो. सतरंजीखाली हात घाला, वास घ्या, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजले आहेत का पाहा.

दिवा पेटलेला असताना

दुरुस्ती होईपर्यंत गाडी सावकाश चालवा. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. घाट उतरताना खालचा गिअर टाका. ब्रेक हळू आणि आधीपासून दाबा. चाक अडकून गाडी घसरू लागली तर पाय क्षणभर सैल करा आणि पुन्हा दाबा.

दिवा विझलेला असेल, यंत्रणा चालू असेल, तर उलट करायचे. संकटात पेडल पुरते दाबून धरा, पाय उचलू नका आणि स्टिअरिंग मोकळ्या बाजूला वळवा. पण एक विसरू नका. ए. बी. एस. ने गुळगुळीत टायर नवे होत नाहीत. मोकळ्या खडीवर तर गाडी थांबायला जास्तच अंतर लागते.

गाडीत आपण एकटे नसतो. बायको-मुले असतात, शेजारचा आजारी माणूस असतो, बाजारला निघालेली मंडळी असतात. दिवा बोलतो आहे, त्याचे ऐका.

उत्तरे सांगा

१. पिवळा दिवा पेटला तर साधा ब्रेक लागतो का?
२. पिवळा आणि लाल दिवा दोन्ही पेटले तर काय कराल?
३. तुमच्या गाडीच्या ब्रेकच्या डबीवर काय लिहिले आहे? वाचून या.
४. जुनी गाडी घेताना हा दिवा कसा तपासाल?