फ्यूज बदलला की गाणं बदलतं?

पहिल्या इंटर्नशिपचा स्टायपेंड हातात आला. मेसचे पैसे भरून उरलेल्यातून तुम्ही एक सेकंडहँड अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली. रूमवर रोज मैफल जमायला लागली. तेवढ्यात ऑडिओचं वेड असलेला एखादा सीनियर सांगतो, ‘‘अरे, आतला फ्यूज बदल. साउंड कसा खुलतो बघ!’’

साधा काचेचा फ्यूज पाच-दहा रुपयांत मिळतो. सीनियर म्हणतोय तो ‘ऑडिओफाइल’ फ्यूज परदेशात दीडशे-दोनशे डॉलरलाही विकला जातो. टोकांना सोन्याचा मुलामा आणि अंगावर बाण, याच दिशेनं लावा म्हणे! सोबत तसाच भारीतला फ्यूज होल्डर. स्टायपेंड उडवण्याआधी पाच मिनिटं हे वाचा.

गाणं त्यातून जातच नाही

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. आत एक बारीक तार असते. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की ती वितळते आणि सर्किट तुटतं. स्वतः जळायचं आणि ट्रान्सफॉर्मर, घर आणि तुम्हाला वाचवायचं, एवढंच तिचं काम.

हा फ्यूज बसतो कुठे? प्लगमधून वीज आत आली की लगेच, ट्रान्सफॉर्मरच्या आधी. तिथे गाणं नसतंच, नुसती वीज असते. पुढे त्या विजेचं डीसी होतं आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. खालून पंपाचं पाणी गचके खात चढलं, तरी टाकी भरलेली असेल तर नळाची धार एकसारखीच येते. कपॅसिटर म्हणजे ती टाकी.

आता थोडं गणित. 2 अँपिअरच्या साध्या फ्यूजचा रेझिस्टन्स असतो साधारण 0.05 ओहम. त्यातून 1 अँपिअर करंट गेला, तर 230 व्होल्टमधले 0.05 व्होल्ट कमी होतात. भिंतीतली 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बोर्डापासून 10 मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तिचाच रेझिस्टन्स 0.23 ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे फ्यूजच्या चौपटीहून जास्त! त्याच्या मागे मीटर, केबल आणि डीपीपर्यंतची लाइन. या सगळ्या वाटेत दोन सेंटिमीटरच्या तुकड्याला सोन्याचा मुलामा दिला, तर काय मोठा दिवा लागणार?

आणि तो बाण? आपल्याकडची एसी वीज सेकंदाला 50 वेळा पुढे जाते आणि 50 वेळा मागे येते. आता बाण कुठल्या दिशेला ठेवायचा, तुम्हीच सांगा.

‘पण मला फरक ऐकू आला!’

असं म्हणणारा खोटं बोलतोय असं नाही. फरक खरंच झालेला असू शकतो, फक्त त्याचं श्रेय भलत्यालाच मिळतं. जुन्या अँप्लिफायरमध्ये होल्डरच्या पट्ट्या सैल होतात, काळ्या पडतात. मग मध्येच खरखर येते, आवाज जातो-येतो, होल्डर तापतो. फ्यूज काढून नवा दाबून बसवताना ती काजळी खरवडली जाते आणि संपर्क सुधारतो. तुमचा जुनाच फ्यूज काढून परत बसवला असता, तरी हेच झालं असतं! होल्डर सैल किंवा जळका असेल तर जरूर बदला. योग्य रेटिंगचा साधा होल्डर पुरतो. मात्र ही दुरुस्ती झाली, अपग्रेड नव्हे.

दुसरं कारण आपण स्वतः. दहा-पंधरा हजार मोजल्यावर कान सुधारणा शोधूनच काढतात. त्यात व्हॉल्यूम किंचित जरी वाढलेला असेल, तरी तेच गाणं जास्त छान वाटतं.

मग खरं-खोटं कसं करायचं? मित्राची मदत घ्या. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. तुम्ही रूमबाहेर थांबा. मित्रानं दर वेळी प्लग काढून फ्यूज एकदा बाहेर घ्यायचा आणि नाणं उडवून साधा की महागडा ते ठरवून बसवायचा. नंतर तुम्ही ऐकून ओळखायचं. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजानं दहापैकी नऊ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे. नऊ आली, तर सीनियरला पार्टी द्या. पाच-सहा आली, तर पैसे वाचले!

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. काही अँप्लिफायरमध्ये फ्यूज थेट स्पीकरच्या वाटेवर असतो. तिथे गाणं त्यातूनच जातं. मोठ्या आवाजात खोल बास वाजला की तार तापते-निवते, तिचा रेझिस्टन्स बदलतो आणि मोजता येण्याइतकं डिस्टॉर्शन येतं. पण सोन्याच्या मुलाम्यानं तेही जात नाही. ज्या तारेला वितळायचंय, ती तापणारच.

खरा धोका इथे आहे

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरं असतात, उदाहरणार्थ T2AL250V. T म्हणजे क्षणभराचा झटका सहन करणारा, 2A म्हणजे 2 अँपिअर, L म्हणजे काचेच्या फ्यूजची मोठा करंट तोडण्याची कमी क्षमता आणि 250V म्हणजे व्होल्टेजची मर्यादा. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर भरपूर करंट खेचतो, म्हणून तिथे T लागतो. चुकून F, म्हणजे झटपट उडणारा बसवला, तर तो चालू करतानाच उडू शकतो. मग वैतागून कुणीतरी 5 अँपिअरचा बसवतं, नाहीतर सरळ सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतं. गाणी सुरू होतात, पण रखवालदार गेलेला असतो. पुढच्या बिघाडात फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर तापेल, तेही तुम्ही झोपलेले असताना. म्हणून कंपनीनं लिहिलाय तोच फ्यूज बसवायचा. तोही पुन्हा उडाला, तर टेक्निशियन गाठायचा.

आणि साउंड सुधारायचाच असेल तर? स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, कानाच्या उंचीवर ठेवा, समोरच्या उघड्या भिंतीवर जाड चादर टांगा. हा फरक ओळखायला नाणं उडवावं लागणार नाही. टापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला गेलात, तर योग्य रेटिंगचे दोन स्पेअर फ्यूज तेवढे घेऊन या. वीस रुपयांत काम होईल आणि स्टायपेंड शाबूत राहील.