गेमिंगचा पीसी, बेताच्या पैशांत

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. तिथल्या कंपन्यांनी बदललेले डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात येतात; कमी पैशांत गेमिंगची सुरुवात करायला ते चांगले.

मात्र प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच हवा. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कंपन्यांच्या अशा पीसीचा पॉवर सप्लाय लहान असतो, म्हणून जीटीएक्स १६५० चं ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं ग्राफिक्स कार्ड निवडावं. कॅबिनेट बुटकं असेल तर लो-प्रोफाइलच बसतं.

नवा पीसी जोडायचा तर रायझन ५ ५६००जी प्रोसेसर उत्तम. ग्राफिक्स आतच असल्याने कार्ड नंतर घेता येतं.

पावसाळ्यात मुळशीतल्या ताम्हिणीकडे वीज जाते. यूपीएसचे पैसे आधीच बाजूला ठेवा.