वाळवंटातला कॅमेरा आणि किनाऱ्यावरचा माणूस

फरवानियात आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्या इमारतीचे एसी, त्यांच्याखाली टपकणाऱ्या पाण्याचे डाग, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि दर थोड्या वेळाने विमानतळाकडे उतरणारं एखादं विमान. खाली मल्याळी हॉटेल, त्याच्या शेजारी पासपोर्ट फोटोचं दुकान, पुढे मनी एक्स्चेंज. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला निसर्गचित्रणाचा छंद लागावा, हा विनोदच आहे. पण लागला खरा. सांगलीला कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात नोकरी, मग इकडे. दिवसभर स्क्रीनवर कोड बघून डोळे शिणले की शुक्रवारी लांब बघायला काहीतरी हवं असतं, एवढंच सुरुवातीचं कारण.

पहिल्याच शुक्रवारी मी मुतलाला गेलो. कुवेत शहराच्या वायव्येला, जहराच्या पुढे मुतलाची उंचवट्याची रांग आहे. आपल्याकडच्या टेकडीला लाज वाटेल एवढीच तिची उंची, पण या सपाट देशात तिचा मोठा मान. याच रस्त्यावर 1991 मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्यावर बॉम्बहल्ले झाले होते. मी पोहोचलो सकाळी अकराला, नाश्ता वगैरे आटोपून. डोक्यात राजस्थानच्या कॅलेंडरमधल्या लाटालाटांच्या टेकड्या. समोर काय, तर खडी, पांढरट वाळू, कोणीतरी टाकलेलं टायर आणि आभाळ कुठे संपतं ते न कळणारी धूसर रेघ. दीडशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर सगळे चिखलासारखे करडे.

वाळू तर डोळे दिपवणारी होती, मग फोटोत चिखल का? याचं उत्तर शोधताना माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. कॅमेऱ्याचा मीटर गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. समोर सगळी उजळ वाळू असली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो बिचारा इमानदारीने सगळं काळवंडून टाकतो. बर्फाच्या फोटोंचंही तेच होतं. उपाय साधा आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एकच्या आसपास नेऊन ठेवायचं आणि हिस्टोग्राम बघायचा. डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीवर आपटलेला नको. आणि फोटो रॉ मध्येच काढायचे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, तर चौदा बिटच्या रॉ मध्ये 16384. त्यातल्या निम्म्या पायऱ्या सगळ्यांत उजळ टप्प्यात खर्च होतात. वाळू नेमकी तिथेच असते. म्हणजे वाळूचे बारीक बारीक फरक टिपायचे तर ते रॉ मध्येच टिकतात.

दुसरी चूक वेळेची. अकराचं ऊन डोक्यावरून पडतं, वाळूला सावलीच राहत नाही. वाळवंटाचा फोटो हा खरं तर सावलीचा फोटो असतो. इथला मुख्य वारा शमाल, तो वायव्येकडून येतो. वाऱ्याने वाळूवर ज्या सुरकुत्या पडतात त्या वाऱ्याला आडव्या, म्हणजे साधारण ईशान्य ते नैऋत्य. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणजे सकाळची तिरपी किरणं सुरकुत्यांना आडवी छेदतात आणि एकेक रेघ उठून दिसते. संध्याकाळी सूर्य नैऋत्येला मावळतो, किरणं सुरकुत्यांच्या बाजूबाजूने निघून जातात, आणि तीच वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट. हे मला कोणी सांगितलं नाही. तीन महिने संध्याकाळी जाऊन हात हलवत परत आल्यावर कागदावर बाण काढले तेव्हा कळलं.

इथे मोठ्या टेकड्या नाहीत म्हणून रडायचं कारण नाही. वाइड लेन्स गुडघ्याइतकी खाली आणली की चार बोटांची सुरकुती टेकडीएवढी दिसते. उलट लांबची टेलिफोटो लावली की एकामागोमाग एक विरळ उंचवटे दाबून जवळ येतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकतात, तेव्हा पहाटेच्या धुक्यात तंबू आणि उंट छान मिळतात. पाऊस बरा झाला तर वसंतात अर्फजची पिवळी फुलं येतात. ते इथलं राष्ट्रीय फूल. दोन गोष्टी मात्र नवीन येणाऱ्याने पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, तेलाची ठिकाणं, लष्करी जागा आणि सरकारी इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. दोन, रुळलेली वाट सोडायची नाही आणि वाळूत पडलेल्या लोखंडी वस्तूला हात लावायचा नाही. लढाईतले न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग अजूनही सापडतात.

त्या लढाईचेच फोटो आज जगात कुवेतची ओळख आहेत. सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या गेल्या, शेवटची विझली ती 6 नोव्हेंबर 1991 ला. स्टीव्ह मॅक्करींनी काळ्या धुरापुढून जाणारे उंट टिपले. सेबास्तियाव सालगादोंनी तेलाने माखलेले अग्निशामक कृष्णधवलात टिपले. त्याच्याही आधी, 1938-39 मध्ये, ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी एका कुवेती गलबतावरून फिरला होता, आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली झांझिबारपर्यंत आणि परत कुवेतला. त्याचे फोटो मी तासन् तास बघतो. डोलकाठीवर चढलेले खलाशी, दोर ओढणारे हात. ही गलबतं आपल्या मलबारच्या सागवानाची, आणि त्या काळी इथल्या बाजारात चलन होतं आपला रुपया. तो पार 1961 पर्यंत चालला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुला कशाला दिनार पाहिजेत?"

आता समुद्राकडे येतो. कोकणात वाढलेल्या डोळ्यांना इथे एक गंमत वाटते. आपला सूर्य समुद्रात बुडतो, इथला समुद्रातून उगवतो. कुवेतचा दक्षिणेकडचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. म्हणजे फिंतास, अगैलाच्या किनाऱ्यावर जायचं तर पहाटे चारला उठायचं. फरवानियाहून त्या वेळी पंचवीस-तीस मिनिटं लागतात, एरवीचं विचारू नका. सुलैबिखातच्या बाजूला, खाडीत, ओहोटीला लांबच लांब चिखलपट्टा उघडा पडतो, त्यात आभाळ आरशासारखं दिसतं आणि हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. उजनी किंवा शिवडी पाहिलेल्या माणसाला तिथे एकदम घरी आल्यासारखं होतं.

किनाऱ्यावर कॅमेऱ्याचे दोन शत्रू, दमट हवा आणि मीठ. एसीच्या गार खोलीतून कॅमेरा उन्हाळ्याच्या पहाटे बाहेर काढला की लेन्सवर असं दव साचतं की सूर्य उगवून वर येईपर्यंत पुसत बसावं लागतं. मी आता बॅग रात्रीच गाडीच्या डिकीत ठेवतो. ट्रायपॉडचे पाय घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवायचे. आळस केला तर सांधे गंजून अडकतात, माझा एक ट्रायपॉड असाच कामातून गेला. आणि वाळवंट असो की किनारा, लेन्स उघड्यावर बदलायची नाही. सेन्सरवर बसलेला एक कण पुढच्या प्रत्येक फोटोच्या आभाळात काळा ठिपका होऊन येतो.

ठिपक्यांवरून एडिटिंगचा विषय निघतोच. माझी पद्धत अशी: आधी क्षितिज सरळ करायचं (समुद्र तिरका दिसला की पाणी सांडेल असं वाटतं), मग व्हाइट बॅलन्स, मग उजळ भाग खाली आणि सावल्या थोड्या वर, मग आभाळाला वेगळा मास्क. धुळीसाठी डीहेझ नावाची पट्टी आहे. ती कुवेतवाल्यांसाठीच काढली असावी. पण ती मिठासारखी वापरायची. जास्त ओढली तर आभाळ घाणेरडं निळं होतं, सेन्सरवरचे सगळे ठिपके उठून दिसतात, आणि क्षितिजावर इमारतींभोवती पांढरी प्रभावळ येते, जणू प्रत्येक टॉवर संत झालाय. वाळूचा रंग बदलायचा तर पूर्ण फोटोची सॅच्युरेशन न वाढवता फक्त केशरी रंगाचा उजेड कमी-जास्त करावा.

पहिलं वर्षभर मी हे सगळं दाबून केलं. करड्या आभाळाचं मी तारकर्लीचं आभाळ करायचो आणि घरच्या ग्रुपवर टाकायचो. मामे-मावस भावंडं अंगठे दाखवायची. शेवटी बाबांनीच लिहिलं, "तिकडं एवढं सुंदर आहे तर फोनवर धूळ धूळ म्हणून का रडतोस?" काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर तूझ आला होता, म्हणजे धुळीचं वादळ, समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. त्याचा एकही फोटो मी काढला नाही.

पुसण्याचं हत्यारही तेव्हाच हाती लागलं. तार पुसली, कचऱ्याचा डबा पुसला, टायर पुसलं. माउस फिरवला की गायब, खाली वाळूच्या जागी वाळू.

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. अगैलाला ओहोटी होती, उजाडायला वीस मिनिटं. लेन्सपुढे गडद एनडी फिल्टर लावून मी तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावलं. एवढ्या वेळात लाटांचं दूध होतं आणि चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत. नेमका डाव्या बाजूने एक सफाई कामगार आला, अंगात पिवळं जाकीट, हातात काळी पिशवी. मी त्याला हात केला, बाजूला हो म्हणून. तो जागच्या जागी उभा राहिला. शटर उघडलं होतं, म्हटलं जाऊ दे.

फोटो फार सुंदर आला. दुधी पाणी, गुलाबी रेघ, आणि डाव्या तिसऱ्या भागात एक पिवळा माणूस, जवळजवळ स्पष्ट. मी त्याला तीन मिनिटांत पुसला. तो फोटो ग्रुपवर गेला, ताईला इतका आवडला की तिने तीन फुटांचा कॅनव्हास करून पुण्याच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावला.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा तिथेच होतो. आईचा फोन चालला होता, लाटांमुळे मी ओरडूनच बोलत होतो. फोन ठेवला तर मागे तोच माणूस.

"मराठी हाव का तुमी?"

देगलूरकडचा निघाला. घर तिकडे, सासुरवाडी तेलंगणात, इथे आठ वर्षं झालेली. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग त्याने विचारलं, "सर, त्या दिशी तुमी मला थांब म्हणून हात केलता. मी थांबलो. श्वास सुदिक धरला, हाललो न्हाई. कसा आला फोटो?"

मला काही सुचेना. तीस सेकंद हा माणूस माझ्यासाठी पुतळ्यासारखा उभा होता. चालत राहिला असता तर कॅमेऱ्यानेच त्याला पुसलं असतं. तो थांबला म्हणून उमटला, आणि उमटला म्हणून मी पुसला. मोबाईलमध्ये तोच फोटो होता, बिनमाणसाचा. "घरी आहे दादा, पुढच्या शुक्रवारी आणतो," एवढंच म्हणालो आणि सटकलो.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. बरं एवढंच, की लाइटरूम मूळ रॉ ला हात लावत नाही. काय काय केलं त्याची यादी बाजूला लिहून ठेवतं, आमच्या कोडच्या जुन्या आवृत्त्या राहतात तसं. पुसण्याची पायरी काढली आणि माणूस परत आला. मग त्याच्यासाठी पुन्हा एडिटिंग केलं. सावल्या वर घेतल्या, तोंडावर छोटा मास्क टाकून उजेड दिला. पण अंतर फार होतं, मोठं करून बघितलं तर चेहरा म्हणजे पाच-पन्नास चौकोनी ठिपके. जे कॅमेऱ्याने घेतलंच नाही ते कुठून आणणार? आताच्या सॉफ्टवेअरने तिथे एखादा छानसा चेहरा बसवून दिला असता, पण तो त्याचा नसता.

पुढच्या शुक्रवारी मी त्याला स्क्रीनवर फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. "मी ह्योच का?" म्हणाला. "जाकिटावरनं वळखू येतंय." मग मी सूर्य चांगला वर आल्यावर त्याला पाण्याकडे पाठ करून उभा केला आणि साधा, जवळून एक फोटो काढला. जाकीट काढू का, असं त्याने विचारलं. तुम्हाला कसं हवं तसं, म्हटलं. काढलं नाही. मोबाईलवर पाठवतो म्हणालो तर म्हणाला, "कागदावर द्या की सर. दोन्ही द्या. फेब्रुवारीत गावाकडं चाललोय, पोरगी दहावीला हाय."

संध्याकाळी खालच्या फोटोच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेलो. दुकानदार मल्याळी, पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी पांढरी करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. जवळचा फोटो त्याने गुपचूप छापायला लावला. समुद्राचा उघडला तेव्हा मात्र खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर केला आणि पिवळ्या जाकिटावर माउस नेऊन थांबला.

"भाई, इस आदमी को निकाल दूँ? दो मिनट का काम है."

नको म्हटलं. आठ बाय बारा, मॅट, दोन प्रती.