विंचूमाशी
कीटक वर्गाच्या मेकॉप्टेरा गणातील पॅनॉर्पिडी कुलातील कीटकांना विंचूमाशी म्हणतात. नराच्या उदराचे टोक फुगीर असून विंचवाच्या नांगीप्रमाणे वर वळलेले असते, त्यावरून हे नाव पडले. हा भाग दंश करणारा नसून जननांगांचा आहे. डोक्याचा पुढील भाग चोचीसारखा लांबट असून त्याच्या टोकाशी चर्वणक्षम मुखांगे असतात. चारही पंख पातळ, लांबट व बहुधा ठिपकेदार असतात. या गणात सुमारे ६०० विद्यमान जाती ज्ञात आहेत. यूरोपातील पॅनॉर्पा कॉम्युनिस या जातीचे वर्णन लिनीअस यांनी १७५८ मध्ये केले.

जाती ओळखताना पंखांवरील ठिपके पुरेसे ठरत नाहीत, कारण एकाच जातीत ते कमीअधिक असतात. उदा., ब्रिटनमधील पॅ. कॉम्युनिस व पॅ. जर्मॅनिका या जाती केवळ पंखांवरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. नराच्या नवव्या उदरखंडाची खालची दुभंगलेली पट्टिका, चिमट्यासारखी उपांगे व शिश्नाची रचना ही निर्णायक लक्षणे होत. मादीत जननांगांतील आंतरिक पट्टिका तपासतात. त्यासाठी उदराचे टोक दाहक पोटॅशच्या विद्रावात ठेवून मऊ ऊतक काढून टाकतात. प्रजाती ठरविताना पंखांतील शिराही उपयोगी पडतात. भारतातही आढळणाऱ्या निओपॅनॉर्पा प्रजातीत पहिली गुदशिरा पॅनॉर्पापेक्षा आखूड असते.

अळी व मादी यांची सांगड प्रौढ नराशी घालणे शरीररचनेवरून अवघड जाते. तेथे तंतुकणिकेतील सायटोक्रोम ऑक्सिडेज-१ जनुकाच्या सुमारे ६५० क्षारक-जोड्यांच्या खंडाची तुलना उपयोगी ठरते. मात्र हे जनुक केवळ मातेकडून येते. संकर झाल्यास किंवा जाती अलीकडेच विभक्त झाल्या असल्यास एकट्या या जनुकावर विसंबल्याने निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून केंद्रकीय जनुके व शरीररचना यांचा पुरावा एकत्र पाहतात.

अशा अभ्यासांतून पॅनॉर्पा हा एकसंध वंशगट नसून निओपॅनॉर्पा त्यातूनच उद्‌भवली असावी, असे दिसून आले. त्यामुळे सायनोपॅनॉर्पा (२००८), सेरापॅनॉर्पा (२०१६) इ. नव्या प्रजाती वेगळ्या काढण्यात आल्या. गणाच्या सीमेविषयीही मतभेद आहेत. पिसवा बोरिइडी कुलास सर्वांत जवळच्या असल्याचे मत व्हायटिंग यांनी २००२ मध्ये मांडले, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांचे निष्कर्ष त्याहून भिन्न व परस्परांशीही विसंगत आहेत. पिसवांचे स्थान निश्चित झाल्यावरच मेकॉप्टेरा हा स्वतंत्र गण म्हणून टिकतो की नाही, हे ठरेल.